श्राइकच्या मागच्या पत्र्यातला आवाज

गाडीला नवी बॅटरी आणायला मी शुक्रवारी सकाळी बाहेर पडले, तेव्हा आपण काही भलतंसलतं करायला निघालोय असं मुळीच वाटलं नव्हतं. ऑगस्टचं लख्ख ऊन पडलं होतं. बॅटरी आणायची, टायरांत हवा भरायची, काचा पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लुत्सिना काकूला शेजारी बसवून वुडवर्ड रस्त्यावर एक फेरी मारून आणायची, एवढंच काम होतं.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची, रोमान काकांची बायको. लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील, काका याच गाडीत गेले. त्यानंतर चाळीस वर्षं काकूने आमच्या गॅरेजकडे मान वळवून पाहिलं नाही. आमच्या मागच्या गल्लीतून जायची वेळ आली तर ती मोठा वळसा घालून जायची. आणि आता पोटाच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"इर्का, मला एकदा त्या गाडीत बसायचंय. रोमानची माफी मागायचीय."

कशाची माफी, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काका गेले त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, गाडीवरूनच. काका पुदिन्याचं च्युइंगम चघळत रात्रंदिवस त्या गाडीत डोकं खुपसून बसायचे. काकूच्या तोंडून निघून गेलं, "जा, मर एकदाचा त्या गाडीत." काका गेले. नाइन माइल रस्त्याच्या वळणावर गाडी दिव्याच्या खांबावर आदळली. आजीने त्यानंतर मरेपर्यंत काकूच्या हातचं खाल्लं नाही. काकू दर ईस्टरच्या आधी चर्चमध्ये जाऊन तेच एक पाप कबूल करायची. बिचारे पाद्री बदलत गेले, पाप तेच राहिलं.

मी बॅटरी घेऊन परत आले तर बाबा गॅरेजच्या दारातच घडीची खुर्ची टाकून बसलेले. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर दोन्ही हात. रंगाच्या आणि वेल्डिंगच्या धुराने त्यांची फुप्फुसं कधीच खाऊन टाकली होती. कोंबडीने अंड्यांवर बसावं तसे ते त्या दारात बसले होते.

"लुत्सिनाला या गाडीत बसवायचं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मरणाऱ्या बाईची इच्छा आहे, बाबा."

"म्हणूनच नाही."

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, चटकन भडकते. मी त्यांना ओलांडून आत गेले आणि गाडीवरची ताडपत्री ओढली.

आता या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. नाव श्राइक. श्राइक म्हणजे आपला खाटीक पक्षी, तो चिमुकला, धरलेला टोळ काट्यावर टोचून ठेवणारा. गाडी निघाली तेव्हा माझे बाबा, माझे मामा, आमच्या हॅमट्रॅमिक गावच्या गल्लीतला दर दुसरा माणूस त्याच कारखान्यात होता. अख्ख्या देशाच्या पोरांना त्या गाडीने वेड लावलं होतं म्हणे. पुढे लांबलचक बॉनेट, त्याखाली ट्रकला पुरेल एवढं इंजिन, आणि मागे बसायला धड जागा नाही. शुक्रवारी संध्याकाळी वुडवर्डवर सिग्नल हिरवा झाला की खिडक्यांची तावदानं हादरायची. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवा वेगाच्या पापावर प्रवचन द्यायचे आणि मग बाहेर येऊन बाबांना हळूच विचारायचे, या वर्षी कुठला नवा रंग येतोय.

पाच-सहा वर्षं हा तोरा टिकला. मग विम्याचे हप्ते पोरांच्या आवाक्याबाहेर गेले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, धुराचे कायदे आले, आणि कंपनीने इंजिनाचा गळा आवळून आवळून त्याचं पार मांजर केलं. शेवटी शेवटी श्राइक हे नाव एका लठ्ठ, सुस्त गाडीला चिकटवलं होतं. तिला घ्यायला कुत्रं येईना. रस्त्यावर होत्या त्या जुन्या श्राइक हिवाळ्यातल्या मिठाने खाल्ल्या. मग कारखानाही बंद झाला. आता तिथे माणसाच्या उंचीचं गवत आहे. ज्या उन्हाळ्यातली ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात तर मोठमोठ्या कंपन्या सरकारच्या दारात हात पसरून उभ्या होत्या. म्हाताऱ्यांना मात्र दर ऑगस्टात वुडवर्डवर आपली गाडी फिरवून आणली की काळ परत येतो असं वाटतं.

आमची श्राइक जांभळी. काकांच्या अपघातानंतर बाबांनी ती भंगारातून परत आणली आणि पुढचा सगळा चेंदामेंदा झालेला भाग कित्येक वर्षं खपून सरळ केला. भावावरचं प्रेम, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

मी बॅटरी बसवली. किल्ली फिरवायच्या आधीच आवाज आला.

टक्.

मग खर्रर्र करत काहीतरी घरंगळलं. पुन्हा टक्.

गाडी जागची हललेली नव्हती. मी पाना हातात धरून तशीच उभी राहिले. गॅरेजात जुन्या रबराचा आणि तापलेल्या धुळीचा वास होता. बाहेर शेजारचा बांगलादेशी पोरगा सायकलवरून घंटी वाजवत गेला, इतका तो साधा दिवस होता.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर नाही," बाबा म्हणाले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. "इर्का, दार ओढून घे. तुला एक सांगायचंय."

त्यांनी जे सांगितलं ते अडखळत, मध्ये मध्ये दम घेत सांगितलं. मी सरळ करून सांगते.

कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर एक खोडी चालायची. मुकादमाने छळलं, लाइनचा वेग वाढवला, लघवीलाही सोडलं नाही की माणसं गाडीवर राग काढायची. पत्र्याच्या पोकळीत, जिथे नंतर कुणाचा हात पोचणार नाही तिथे, एखादा नट किंवा सोड्याची बाटली टाकून द्यायची. मग गाडी घेणारा जन्मभर आवाज शोधत बसणार. त्या दिवशी बाबांच्या समोर एक जांभळी श्राइक आली. सगळ्यात मोठं इंजिन, असतील नसतील तेवढ्या चैनी. बाबांचा अंगठा तासाभरापूर्वीच सोलवटला होता आणि मुकादम पट्टी बांधायलाही सोडत नव्हता. बाबांना वाटलं, ही ब्लूमफील्ड हिल्सच्या श्रीमंत वस्तीतल्या कुठल्यातरी डॉक्टरच्या लाडावलेल्या कार्ट्याची. त्यांनी एक जाडजूड नट उचलला आणि मागच्या उजव्या चाकावरच्या पोकळीत सोडला. सोडताना म्हणाले, "घे, शोधत बस मरेपर्यंत."

ज्याने ती गाडी मागवली होती त्याने ऐनवेळी नाही म्हटलं. गाडी शोरूमच्या काचेमागे उभी राहिली. आणि व्हिएतनामहून परतलेल्या रोमान काकांनी खिसा रिकामा करून ती घेतली.

काका पहिल्यांदा भावाला गाडीत बसवून निघाले. पहिल्याच वळणावर मागून टक् झालं, आणि बाबांनी आवाज ओळखला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"किती खुश होता तो, तुला काय सांगू. म्हटलं, पुढच्या रविवारी हसत हसत सांगू. पुढच्या रविवारी लाज वाटली. मग… मग फार दिवस झाले होते."

काकांनी शोरूमच्या फेऱ्या मारल्या, सीट काढल्या, टॉर्च घेऊन गाडीखाली पडून राहिले. आवाज काही सापडला नाही. काकूशी भांडणं व्हायला लागली ती त्यापायीच. आणि त्या सकाळी, काकूशी भांडून निघालेले काका आधी बाबांकडे आले होते. हे चाळीस वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं. काका बाबांना म्हणाले, काझ, आवाज आज वेगळा वाटतोय, जरा ऐकतोस? बाबांनी बाहेर येऊन ऐकलंसुद्धा नाही. त्यांना त्या आवाजाचं नावही नको झालं होतं. दारातूनच म्हणाले, "काही नाही रे तो. मी छातीठोक सांगतो, त्या आवाजाने काही होत नाही. जा तू."

लाइनवरच्या माणसाने छातीठोक सांगितलं म्हटल्यावर काका गेले. त्या सकाळचा तो वेगळा आवाज नटाचा नव्हता, पुढच्या डाव्या चाकाचा होता. नाइन माइलच्या वळणावर चाक निखळलं.

मी हातातला पाना खाली आपटला. मग जे तोंडाला आलं ते बोलले. काकू चाळीस वर्षं स्वतःला खुनी समजतेय, बाबा. आजी तिच्या हातचं पाणी न पिता गेली, आणि तुम्ही त्याच टेबलावर बसून जेवत होतात. बाबा ऐकत राहिले. माझ्या बोलण्यातलं एकही वाक्य त्यांना नवं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्यांची किळस आली, आणि किळस आल्याचीही लाज वाटली.

"सांग तिला," शेवटी ते म्हणाले. "पण मी गेल्यावर सांग. मला तिचं तोंड बघायला लावू नकोस. माझे किती दिवस राहिलेत? आणि उद्या तिने तो आवाज ऐकता कामा नये. तेवढा नट काढ. माझ्याने चाळीस वर्षांत तिथे हात घालवला नाही."

माझा बाप रडत होता. मी हो म्हटलं.

डिकीतलं आतलं अस्तर उचकटून मी खांद्यापर्यंत हात आत घातला. आत गार होतं. त्या उकाड्यात पत्रा इतका गार कसा, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही. बोटांना नट लागला. बाहेर काढला आणि पाहतच राहिले. चाळीस वर्षं त्या पोकळीत पडलेला लोखंडी नट गंजून काळा व्हायला हवा होता. तो चांदीच्या अंगठीसारखा चकाकत होता. त्याच्या कडा पार झिजून गोल झाल्या होत्या. आमची गाडी वर्षातून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, बाकी ताडपत्रीखाली उभी असायची.

बाबांनी तो हातात घेतला नाही. दुपारीच मी बेल आइलच्या पुलावर गेले आणि नदीत फेकून दिला. पाण्यात पडताना मी डोळ्यांनी पाहिला.

शनिवारी काकू नवा निळा झगा घालून तयार होती. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, तरी ओठांना लाली लावली होती. गाडीत बसण्याआधी तिने जांभळ्या पत्र्यावरून हात फिरवला, घाबरत, कुणाच्या कपाळाला लावावा तसा. मी पट्टा बांधून दिला. आम्ही दोघी बसलो आणि मग गाडी मागून किंचित खाली दबली. जुन्या स्प्रिंगा, मला वाटलं.

वुडवर्डवर जत्राच होती. दोन्ही बाजूंना म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून, थंडगार बिअर घेऊन बसलेले. श्राइक दिसल्यावर ते उठून टाळ्या वाजवत होते. एक जण ओरडला, "पोरी, दाब ना जरा, म्हातारीला झोप लागेल." काकू चक्क हसली. मलाही बरं वाटलं. पेट्रोलचा वास, जळक्या रबराचा वास, खिडकीतून येणारं ऊन. मी मनाशी म्हटलं, झालं, हिला एवढं समाधान मिळालं, पुष्कळ झालं.

पुढे आम्ही नाइन माइलकडे वळलो.

टक्.

खर्रर्र… टक्.

तो नट नदीच्या तळाशी होता. मी स्वतः फेकला होता. मी गाडी हळू केली, तसा तोही हळू झाला. मागच्या उजव्या बाजूने, अगदी काकूच्या पाठीमागून येत होता.

काकूने डोळे मिटले होते. मानेची शीर न शीर ताणून ती ऐकत होती.

"हाच," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत विसरले नाही. रात्री झोपेतून उठून रोमान याला शोधायला जायचा." थोडं थांबून ती म्हणाली, "इर्का, कशाचा गं हा आवाज?"

"जुनी गाडी आहे, काकू. सैल झालं असेल काहीतरी."

आवाज चालूच होता. गाडीत आता कसलातरी गोडसर वास येत होता, पुदिन्याच्या च्युइंगमसारखा. आमच्यापैकी कुणीच काही चघळत नव्हतं. मी आरशात मागच्या सीटकडे बघायचं टाळलं. का टाळलं, ते आजही धड सांगता येणार नाही.

"मी म्हणायचे, काझला विचार," काकू हळू आवाजात बोलत होती. "काझ लाइनवर आहे, त्याला कळेल. काझने कधी त्याला काही सांगितलं नाही…" तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुला खरंच नाही माहीत?"

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. गाडी बाजूला घेऊन, तिचा हात हातात घेऊन. शब्द जिभेवर आलेसुद्धा. पण डोळ्यांपुढे बाबांचं रडवेलं तोंड आलं. आणि खरं सांगू, मला भीती वाटली. बोलले तर मागून कुणीतरी दुजोरा देईल, अशी काहीतरी वेडी भीती.

"नाही, काकू," मी म्हटलं.

आवाज थांबला. घरंगळता घरंगळता, मध्येच. कुणी हातात झेलल्यासारखा.

खांबापाशी मी गाडी उभी केली. आता तिथे नवा खांब आहे. मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, तुला माफी मागायची होती ना, मी उतरून बाहेर थांबते. काकूने मान हलवली.

"नको. आता नको. घरी ने मला."

त्यानंतर मी दर आठवड्याला तिच्याकडे जायचे. कधी बीटचं सूप घेऊन, कधी उकडलेल्या करंज्यांसारख्या पिएरोगी घेऊन. दर वेळी दारात ठरवायचे की आज सांगायचं, बाबा गेले खड्ड्यात. दर वेळी सूप गरम करून द्यायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून निघून यायचे. ती माझ्याकडे बघत राहायची. रागाने नाही, बस चुकलेला माणूस पुढच्या बसची वाट बघतो, तशी. बाबांची तब्येत मात्र त्या दिवसांत सुधारली. ते जिन्यावरून चढ-उतर करू लागले. ऑक्टोबरच्या शेवटी काकू गेली.

चर्चच्या पायऱ्या चढताना काकूची शवपेटी बाबांच्या जुन्या सोबत्यांनी उचलली होती, लाइनवरचे सहा म्हातारे, दम खात, एकमेकांना शिव्या घालत. पेटी पोलादाची, चकचकीत रंगाची. मधल्या पायरीवर ती थोडी तिरकी झाली आणि आतून आवाज आला.

सहाही जण थबकले. पत्र्यात घरंगळणारा नट कसा वाजतो, ते या माणसांना कुणी सांगायला नको. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी पेटी आतल्या ओसरीवर खाली ठेवली. अंत्यविधीचं काम बघणारे पिलार्स्की घाईघाईने आले. काहीतरी सुटलं असेल आत, असं पुटपुटत त्यांनी झाकण उघडलं.

आत काहीच सुटलेलं नव्हतं. हातात जपमाळ होती तशी होती. फक्त काकूचं डोकं उशीवर सरळ नव्हतं. ते एका अंगाला कललं होतं, कान वर करून, कुणीतरी काही सांगेल म्हणून ऐकत असल्यासारखं. पिलार्स्कींनी ते अलगद सरळ केलं. हात काढला, तसं ते पुन्हा कललं.

"मला जरा… एकट्याला…" बाबा म्हणाले.

सगळे मागे सरले. बाबांनी नाकातली नळी काढली, पेटीच्या काठाला धरून वाकले आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. ते कितीतरी वेळ बोलत होते. मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते ओठ हलताना दिसत होते. मला रडू फुटलं. म्हटलं, उशिरा का होईना, ज्याचं त्याने सांगितलं. माझ्या छातीवरचा धोंडाही उतरल्यासारखा वाटला.

बोलणं संपलं तरी बाबा उठले नाहीत. तसेच वाकून राहिले. पण आता त्यांनी आपला कान तिच्या तोंडाशी नेला होता.

ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याला रंग उरला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. बाप मुलीकडे बघतो तसं नाही, लाइनवरचा माणूस लाइनवरच्या माणसाकडे बघतो तसं.

"काय झालं, बाबा?"

"ती म्हणते…" त्यांना दम लागला होता. "ती म्हणते, गाडीत इर्काला दोनदा विचारलं. दोन्हीदा तिने सांगितलं नाही. मागे बसलेल्या रोमाननेही ते ऐकलं."

त्या दुपारी काकूने मला काय विचारलं, हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या गाडीत आम्ही दोघीच होतो, असं मी तोवर समजत होते.